चढावर गाडी बंद पडते, माझं नेमकं काय चुकतंय?

खडूफळा | ७ जुलै, रात्री ९.१४

नमस्कार मंडळी. बारा वर्षं ॲक्टिव्हा चालवली, कुठे अडलं नाही. यंदा बदली झाली ती मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या शाळेवर. रस्ता बराचसा सिमेंटचा आहे, पण शेवटचा दीड किलोमीटर मुरूम, आणि पावसात त्याचा नुसता राडा. स्कूटरची बारकी चाकं त्यात रुतायला लागली म्हणून भावाच्या ओळखीतून जुनी स्प्लेंडर घेतली. गिअरची गाडी कॉलेजात असताना वडिलांची चालवली होती, त्यानंतर थेट आत्ता. सपाटीला छान जमतं.

पण वाटेत एक वळण आहे, वडाचं. वर जाताना डावीकडे वळतं आणि एकदम उभं होतं. शुक्रवारी तिथे समोरून दुधाचा टेम्पो आला म्हणून थांबले. निघायला क्लच सोडला तर गचका देऊन बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा गचका. तिसऱ्यांदा गडबडीत ब्रेकवरचा पाय सुटला, गाडी मागे सरकली आणि मी गाडीसकट डाव्या अंगावर आडवी. लागलं काही नाही. रेनकोट फाटला आणि डब्यातली आमटी चौथीच्या वह्यांवर सांडली. त्याच चौथीतली तीन पोरं मागून चालत येत होती, त्यांनी गाडी उचलायला हात दिला आणि वरपर्यंत ढकलली. आता शाळेत त्या जागेचं नाव ‘बाईंचं वळण’ पडलंय.

आमचे हे म्हणतात, पहिला टाक, जोरात रेस दे आणि क्लच सोड. तसं एकदा केलं, तर पुढचं चाक हलकं होऊन हँडल हातात डुलायला लागलं. ते काही मला झेपणारं नाही. कुणी नीट, समजेल असं सांगेल का? माझी उंची पाच फूट एक इंच आहे, हेही धरून सांगा.

चेनस्प्रॉकेट | ९.३१

हाफ क्लच. बस्स. धागा बंद करा.

ताकपिठलं | ९.३८

‘पोहायचं कसं? हातपाय मारायचे. बस्स.’

चेनस्प्रॉकेट | ९.४०

बरं मग तुम्ही लिहा प्रबंध. मी वाचतो.

नट_बोल्ट | १०.०५

प्रबंध मी लिहितो, पोटापाण्याचा धंदाच आहे.

ताई, थांबलात की उजवा पाय मागच्या ब्रेकवर आणि डावा जमिनीवर, हे आधी पक्कं करा. गाडी पहिल्यात, क्लच पूर्ण दाबलेला. आता ब्रेक तसाच दाबून ठेवून थोडी रेस द्या आणि मनगट तिथेच धरा. इंजिन गुणगुणलं पाहिजे, किंचाळायला नको. मग डावा हात दोऱ्यातून पतंग सोडावा तसा हळूहळू ढिला करा. एका जागी इंजिनाचा आवाज बसतो. भर्रर्र चाललेलं एकदम घुर्र होतं, आणि गाडी पुढे ओढ घेते, दावणीचा बैल दावं ताणतो तशी. ती जागा सापडली की डावा हात थांबवायचा. हाच तो हाफ क्लच. रेस चिमूटभर वाढवायची. मग ब्रेकवरचा पाय उचलायचा. गाडी मागे येत नाही, कारण क्लचने तिला आधीच धरलेलं असतं. दोन-तीन हात पुढे सरकली की उरलेला क्लच सोडा.

बंद पडते ती दोन कारणांनी. एक तर ओढ लागली की माणूस घाबरून डावा हात झटकन सोडतो, नाहीतर त्याच भीतीने उजवा हात मिटतो आणि रेस जाते. बहुतेकांचं दोन्ही एकदम होतं.

आणि बंद पडलीच तर धडपडू नका. गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवून क्लच सोडून द्या. बंद इंजिनच तिला धरून ठेवतं, मागे जात नाही. श्वास घ्या, टेम्पोवाल्याला जाऊ द्या, मग ब्रेक दाबा, क्लच दाबा, सेल्फ मारा.

खडूफळा | १०.२२

बंद इंजिनच गाडी धरतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! मी बंद पडली की क्लच आणखी घट्ट दाबून धरत होते.

नट_बोल्ट | १०.२६

तेच तर. क्लच दाबला की चाक मोकळं. मग तुम्ही आणि ब्रेक, एवढेच उरलात.

कृष्णाकाठ | १०.४१

मुळात ॲक्टिव्हा विकली का? तिला क्लचची कटकटच नाही. कान पिळला की चालली. आमची मंडळी यवतेश्वरच्या घाटातून कासला ॲक्टिव्हावर जाऊन आल्यात, मागे पोरगी बसवून.

खडूफळा | १०.४४

विकली नाही, सुट्टीत वापरते. यवतेश्वरला डांबर आहे हो. मुरमाच्या चिखलात आमची जुनी दहा इंची चाकं घालून बघा.

आबा_बुलेटवाले | ८ जुलै, सकाळी ६.०२

सकाळी सकाळी धागा वाचला आणि जुनी आठवण उसळून आली. १९८३ साली माझ्याकडे बुलेट आली. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. म्हणजे चढावर थांबलो की उजवा पाय खाली टेकायचा आणि डाव्याने ब्रेक धरायचा. पंधरा वर्षं तीच सवय. नंतर मुलाने हिरो होंडा आणली आणि मी रुबाबात आंबेनळी घाटात घेऊन गेलो. पोलादपुराकडून वर येताना एका वळणावर म्हशी आडव्या आल्या. मी थांबायला म्हणून सवयीने डाव्या पायाने ब्रेक दाबला. तिथे गिअर! गाडी अर्थातच थांबली नाही, म्हैस थांबली. म्हशीला काही झालं नाही, माझा इंडिकेटर गेला.

तात्पर्य काही नाही. सांगावंसं वाटलं.

ताकपिठलं | ७.१५

आबा, म्हैस थांबली हे वाक्य बस स्टँडवर बसून वाचलं. लोक बघायला लागले माझ्याकडे.

बुटकी_पण_बेरकी | ८.५०

खडूफळा, उंचीचा मुद्दा कुणी घेतलाच नाही, म्हणून लिहिते. मी चार फूट अकरा. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर, म्हणजे कागदावर बुटकीच गाडी, पण चढावर, त्यात रस्ता एका बाजूला कललेला असेल तर डावा पाय खाली पुरतोच असं नाही. अशा वेळी उजवा पाय ब्रेकवर ठेवून नुसत्या डाव्या चवड्यावर तोल धरणं म्हणजे सर्कस.

मी काय करते, तर बूड डावीकडे सरकवते. चक्क अर्धी सीट सोडते. त्यामुळे डावा तळवा पूर्ण टेकतो. तरीही नाहीच पुरला तर दोन्ही पाय खाली आणि पुढचा ब्रेक. तर्जनी आणि मधलं बोट ब्रेकच्या लिव्हरवर, उरलेली बोटं आणि अंगठा रेसवर. दोन बोटांनी धरायचं, बाकीच्यांनी पिळायचं. पहिले आठ दिवस बोटं ऐकत नाहीत, नंतर हार्मोनियमसारखी चालतात.

नट_बोल्ट | ९.१०

सिमेंटवर हे ठीक आहे. मुरमावर पुढच्या ब्रेकच्या भरवशावर राहू नका. चढावर तोंड वर करून उभं असताना बरंचसं वजन मागच्या चाकावर येतं, पुढचं हलकं होतं. हलकं चाक कितीही आवळून धरलं तरी खड्यांवरून तसंच घसरत मागे येतं. ताई पडल्या तेव्हा पाऊस होता. अशा जागी मागचाच ब्रेक.

बुटकी_पण_बेरकी | ९.१८

मान्य. पण पाय पुरत नसेल तर मागचा ब्रेक कशाने दाबू, मनाने?

नट_बोल्ट | ९.२५

मग मुरमावर थांबायचंच नाही. जिथे पाय पुरेल अशी सपाट जागा बघून दहा हात अलीकडेच थांबायचं आणि समोरच्याला येऊ द्यायचं. हरलो असं समजू नये.

बुटकी_पण_बेरकी | ९.२७

हे पटलं.

कंसातला_माणूस | ११.४०

(पेशाने रस्ते बांधणारा, म्हणून चोंबडेपणा करतो.)

सगळे क्लचवर बोलताहेत, वळणावर कुणीच बोलत नाहीये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत डोंगराळ भागातला नेहमीचा चढ २० ला १ धरतात, म्हणजे ५ टक्के. अगदी नाइलाज झाला तर ७ टक्के. आणि केसपिन वळणात (हेअरपिन, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो ते वळण) तर तो २.५ टक्क्यांवर आणावा असं सांगितलंय. आता गावाकडचे रस्ते जुन्या बैलगाडीच्या वाटेवरच होतात, तिथे निकष कागदावर राहतात.

पण खरी गंमत पुढे आहे. केसपिन वळणात रस्त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला चढायची उंची सारखीच असते, अंतर मात्र वेगळं. समजा वळण घेताना रस्ता दीड मीटर चढतो. आतली कड ५ मीटर त्रिज्येची असेल तर अर्ध्या वर्तुळात तुम्ही जेमतेम १६ मीटर चालता. चढ झाला साडेनऊ टक्के. बाहेरची कड १२ मीटर त्रिज्येची असेल तर अंतर ३८ मीटर, चढ ४ टक्के. एकच वळण, एकाच वेळी दोन वेगळे घाट.

आपण डावीकडून चालतो. म्हणजे वर जाताना डावं वळण आलं की आतली, उभी कड आपल्या नशिबी. उजवं वळण आलं की बाहेरची, सौम्य. खडूफळा, तुमचं वडाचं वळण डावं आहे असं तुम्ही लिहिलंयच. उगाच नाही तिथे पडलात.

खडूफळा | १२.३५

मधल्या सुट्टीत वाचलं आणि फळ्यावर काढून बघितलं. पाचवीला परीघ शिकवताना हेच उदाहरण घेणार! आणि खरंच, त्याच्या खालचं उजवं वळण मला कधीच नडत नाही. मला वाटायचं, तिथे झाड नाही म्हणून.

सह्यचक्र | दुपारी २.०८

मग डाव्या वळणाला आपल्याच बाजूत राहून जितकं बाहेरून जाता येईल तितकं जायचं. कड कापायची नाही. आणि गिअर वळणाच्या *आधी* टाकायचा. लोक तिसऱ्यात आत शिरतात, मध्यात गाडी ठोके मारायला लागते, मग घाबरून क्लच दाबतात, नेमका तेव्हाच वेग मरतो आणि गाडी जागेवर. वळणाच्या अलीकडे दुसरा, फारच उभं असेल तर पहिला, आणि आत शिरल्यावर रेस एकसारखी. स्प्लेंडरचा जोर ८.०५ न्यूटन मीटर, तोसुद्धा इंजिनाच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांना. खालच्या फेऱ्यांना तिच्याकडून काम करून घ्यायला गेलात तर ती पाय पसरणारच. बिचारीला थोडं ओरडू द्या.

लडाखी_भटक्या | २.५०

तुम्ही लोक वडाच्या वळणाचं काय घेऊन बसलात. आम्ही कार्बोरेटरवाल्या गाड्या लडाखातल्या खारदुंग ला खिंडीत १८,३८० फुटांवर नेल्यात. वर हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढंच येतं, मग गाडी काळा धूर ओकते आणि दुसऱ्यातसुद्धा ओढत नाही. आम्ही उतरून, पहिल्यात हाफ क्लचवर, बाजूने चालत चढवल्यात.

कंसातला_माणूस | ३.०५

(१८,३८० हा आकडा पाटीवरचा. खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर.)

लडाखी_भटक्या | ३.०७

पाटीजवळ फोटो काढलाय. मी पाटीचंच ऐकणार.

ताकपिठलं | ३.१५

पण ही ‘उतरून बाजूने चालत’ची युक्ती कामाची आहे. ताई, अंगावरचं वजन गेलं की पहिल्यात गाडी सहज चढते. लाज वाटून घेऊ नका.

कृष्णाकाठ | ३.४०

वजनावरून आठवलं. आमच्या आत्याच्या यजमानांकडे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, लूना होती. पन्नास सीसीची. वाईहून पाचगणीला निघाले दोघं, पसरणी घाटात लूनाने मान टाकली. मामा पेडल मारायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, तू उतर. आत्या उतरून चालायला लागली. पुढच्या वळणावर आत्या कठड्यावर बसून शेंगा खात होती आणि मामा अजून खालून पेडल मारत येत होते. मरेपर्यंत आत्याने ते ऐकवलं त्यांना.

चेनस्प्रॉकेट | ४.०२

हाफ क्लच नव्हता ना लूनाला. मी आधीच सांगितलं होतं.

राखीव_पेट्रोल | सायं. ६.३०

एक शक्यता सगळे विसरले. पेट्रोल कमी असेल तर चढावर टाकीत ते मागे जातं आणि इंजिनाला मिळत नाही. रिझर्व्हला लावून बघा.

नट_बोल्ट | ६.५५

उलट आहे. या गाडीच्या टाकीचा कॉक, म्हणजे पेट्रोल खाली सोडणारा नळ, मागच्या बाजूलाच असतो. चढावर पेट्रोल कॉकाकडेच येतं. कमी पेट्रोलवर त्रास झाला तर उतरताना होईल. शिवाय पेट्रोल संपून बंद पडणारी गाडी आचके देत, फटफटत मरते. ताईंची गचक्यात बंद पडते. हे क्लचचं मरण आहे.

राखीव_पेट्रोल | ७.०१

आयडीची लाज गेली. मागे घेतो.

अबक_वकील | रात्री ८.२०

अवांतर: वाहतुकीच्या नियमांतच आहे की डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. कारण हेच, चढणाऱ्याला पुन्हा निघणं अवघड. म्हणजे शुक्रवारी थांबायला हवं होतं ते दुधाच्या टेम्पोने.

कृष्णाकाठ | ८.३१

तुम्ही या की एकदा सकाळी सहाला, टेम्पोपुढं नियम वाचून दाखवायला.

सह्यचक्र | ८.४५

अवांतरात भर. घाटात ट्रकवाले चाकामागे दगड लावतात आणि निघताना तिथेच टाकून जातात. चढताना नजर पुढच्या चाकाजवळ नको हे खरं, पण वळणाच्या तोंडाशी असे दगड बघून घ्या. माझा एक मित्र असाच उडालाय.

नट_बोल्ट | ९.३०

मुद्द्यावर येऊ. ताई, एक तपासाल का? गाडी बंद असताना क्लचची लिव्हर टोकाशी धरून हलकेच ओढा. ताण लागायच्या आधी किती मोकळी हलते? आणि सपाटीवर निघताना गाडी ओढ घेते तेव्हा तुमची बोटं कुठे असतात, मुठीजवळ की पार बाहेर?

खडूफळा | ९ जुलै, सायं. ५.४०

पाहिलं. मोकळी अशी हलतच नाही, पहिल्यापासून ताण आहे. आणि ओढ लागते तेव्हा लिव्हर जवळजवळ पूर्ण सुटलेली असते, माझी बोटं टोकावर टेकलेली. माझा हात लहान आहे, त्यामुळे तिथे मला धड धरताच येत नाही, ती निसटतेच.

नट_बोल्ट | ६.१२

सापडला चोर! आधीच्या मालकाने वायर आवळून ठेवलीय. टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसेल तर ओढ लागायची जागा लांब बाहेर जाते, वर क्लचच्या प्लेटा पूर्ण बसत नाहीत आणि झिजतात. गॅरेजवाल्याला म्हणावं, वायर ढिली कर, जुनी तुटायला आली असेल तर नवी टाक, आणि स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं तो वेग, जरासा वाढव. पाच-दहा मिनिटांचं काम.

चेनस्प्रॉकेट | ६.२०

म्हणजे बाईंची चूक नव्हतीच?

नट_बोल्ट | ६.२४

अर्धी होती. ब्रेकवरचा पाय वायरने नाही उचलला.

खडूफळा | ६.३०

मान्य आहे हो.

आबा_बुलेटवाले | ६.५८

सराव करताना मागे कुणाला बसवू नका. आणि चढाच्या सुरुवातीलाच करा, माथ्यावर नको. मागे गेलात तरी सपाटीवरच जाल.

बुटकी_पण_बेरकी | ७.२०

आणि हाफ क्लचवर गाडी धरून गप्पा मारत उभं राहायचं नाही, नवीन माणसाला ते जमायला लागलं की तेच आवडायला लागतं. स्प्लेंडरचा क्लच ऑइलमध्ये असतो म्हणून लगेच जळत नाही, पण प्लेटांचा खर्च मी एकदा भरलाय. थांबलं की ब्रेक, निघताना क्लच.

खडूफळा | १८ जुलै, रात्री ८.४७

धागा वर काढते. वायर बदलली, मजुरी धरून दोनशे रुपये. लिव्हर आता अर्ध्यावर असतानाच ओढ घेते, हातात बसते. रविवारी शाळेच्या मैदानावर नट_बोल्ट यांचा आवाज बसण्याचा प्रकार केला. रेस न देता नुसत्या क्लचवर गाडी पुढे काढायची, थांबवायची, पुन्हा काढायची. तीस वेळा तरी केलं. शिपाईमामांनी चहा आणून दिला आणि विचारलं, गाडीत काही बिघाड आहे का. मग पायथ्याच्या छोट्या चढावर, आबांनी सांगितलं तसं.

आज सकाळी वडाच्या वळणावर तोच टेम्पो आला. मी वळणात शिरलेच नाही, अलीकडे पाय पुरेल अशा जागी थांबले, त्याला हात केला. तो पठ्ठ्याही थांबला आणि म्हणाला, या बाई, तुम्ही आधी या. म्हणजे आता मला चढावरून निघणं आलंच! ब्रेक धरला, रेस दिली, आवाज बसला, डावा हात थांबवला, पाय उचलला. गेली. दुसऱ्यातही टाकली नाही, तशीच पहिल्यात ओरडत वर नेली.

पोरं मात्र नाराज आहेत. तिघंही वडाखाली ढकलायला तयारीत उभी होती.

ताकपिठलं | ८.५५

टेम्पोवाला हा धागा वाचतो. पैज.

अबक_वकील | ९.०२

नियम वाचला असणार त्याने.

आबा_बुलेटवाले | १९ जुलै, सकाळी ६.१०

आता उतरायचं सांगा कुणीतरी तिला. उतरताना गिअर काढून गाडी मोकळी सोडणारे फार भेटतात मला घाटात.

खडूफळा | ६.२५

आबा, मी कालपर्यंत तेच करत होते. पेट्रोल वाचतं म्हणून.

नट_बोल्ट | ६.४०

अरे देवा. नवीन धागा काढा.